धुराड्यातली बाळंतीण

सुभद्रेच्या अंगात त्या हंगामात त्राणच उरलं नव्हतं. विलायतेकडं कुठं लढाई पेटली काय, आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला काय, तिवशाच्या आसपास माणसाला जेवायची शुद्ध राहिली नव्हती! दिवसभर वेचणी, सांजेला सरकी काढणं, आणि त्यातच लेक जमुना पहिलटकरीण म्हणून माहेरी येऊन बाळंत झालेली. थंडी अशी की खोलीत शेक हवाच. पण शेक पेटवला की धूर आतच कोंडायचा आणि तान्ही पोर खोकून खोकून काळीनिळी व्हायची.

"धुराड्यात खार व्याली हाये," सुभद्रेचा नवरा नत्थुजी अंगणातूनच म्हणाला. "जाळ मोठा कर. पळते आपोआप."

"अन् तिची पिलं?"

"पिलाईचं काय घेऊन बसली! मले गाडी भराची हाये."

सुभद्रेनं कपाळावर हात मारला. घरात आपली लेक बाळंतीण, आणि वरच्या बाळंतिणीची लेकरं भाजायची? छे! ते काही तिच्यानं होणार नव्हतं. गुडघे बोंबलत होते, तरी शिडी लावून ती धाब्यावर चढली. तोंडाची टकळी चालूच होती. "सारं गाव सोडून तुले माह्याच घराचं धुराडं भेटलं का वं?"

खार टुणकन निंबावर पळाली आणि तिथून चिरकायला लागली. सुभद्रेनं धुराड्यात हात घातला. आत मऊ घरटं होतं, घरच्याच ढिगातून चोरलेल्या कापसाचं, आणि त्यात डोळे न उघडलेली चार पिलं. तिनं घरटं अलगद टोपलीत घेतलं, खाली उतरली, टोपली अंगणातल्या निंबाच्या बेचक्यात ठेवली आणि शेक पेटवायला आत गेली.

बाहेर येऊन पाहते तर टोपलीत पिलं उघडी पडलेली, वाऱ्यानं आखडलेली. कापूस नत्थुजीनं काढून गाडीत टाकला होता.

"असा सोन्यासारखा माल खारीले द्याचा का?" तो म्हणाला.

सुभद्रा भांडली नाही. भांडायलाही जीव लागतो. ती गाडीपाशी गेली, त्याच्या देखत दोन्ही हातांनी कापूस उपसला आणि पिलांवर पांघरला. मग दोघंही बाजूला झाली. थोड्या वेळानं खार उतरली. एक पिलू तोंडात धरून वरच्या ढोलीत गेली, परत आली, दुसरं नेलं. गाडी आवळायचा दोर हातात धरून नत्थुजी शेवटचं पिलू जाईपर्यंत पाहत राहिला.

"पाह्यलं?" सुभद्रा म्हणाली. "तिनं चार खेपा केल्या. नात होऊन आठवडा उलटला, तुमच्यानं त्या उंबऱ्यापर्यंत एक खेप नाही झाली."

नत्थुजीची मान खाली गेली. त्यानं दोर टाकला, धोतराला हात पुसले आणि ओसरी चढला. तेवढ्यात रस्त्यावरून गाडीवानांची हाक आली, "चाला नत्थुजी, अमरावतीचा बाजार उलगून जाईन!"

तो दारापाशी थबकला. "आल्यावर पाह्यतो," असं पुटपुटला आणि परत फिरला.

गाडी गेली. सुभद्रा आत येऊन शेकापाशी बसली. धूर आता सरळ वर जात होता. पोर शांत निजली होती.

"माय," जमुनेनं डोळे उघडले. "बाबाचा आवाज आला. पाह्यलं का त्याइनं पोरीले?"

सुभद्रेनं शेकात एक गोवरी सारली.

"पाह्यलं ना," ती म्हणाली. "तुहा डोळा लागला होता."