डाव्या बाजूचं दूध

आमच्या शेलार गावातल्या घरात लाकडी फणी एकच होती आणि ती रोज सकाळी सासूबाईंबरोबर न्हाणीत जायची, ती लवकर बाहेरच यायची नाही. मला एसटी पकडून भिवंडीच्या शाळेत पोचायचं असायचं. केस मोकळे सोडून विज्ञान शिकवायला गेलेल्या बाईचं पोरं ऐकतील का? चार दिवस मी गप्प बसले. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही, त्यामुळे पाचव्या दिवशी न्हाणीचा पडदा सरळ बाजूला केला.

सासूबाई पाटावर बसल्या होत्या. पदर मांडीवर, आणि डाव्या थानावरून फणी वरून खाली, वरून खाली चालली होती. हा उपाय आमच्याकडे सगळ्यांच्या माहितीतला आहे. बाळंतिणीचं दूध साकळलं की गरम पाण्याचा शेक द्यायचा आणि फणी फिरवायची. पण तो बाळंतिणीसाठी. सासूबाईंना मूल एकच, माझा नवरा, आणि त्याला तेव्हा टक्कल पडायला लागलं होतं.

"आई, हे काय चाललंय?"

"दूध गोटलंय जरा," त्या म्हणाल्या. जसं काही सकाळीच कोणाला पाजून आल्या होत्या.

मी हात लावून पाहिला. मी प्राणिशास्त्र शिकले होते, डॉक्टरकी नाही. पण बोटांखाली जे लागलं ते कडक होतं, वेडंवाकडं होतं आणि ढकललं तर हलत नव्हतं.

"कधीपासून आहे?"

"गनपतीत वालाएवडी होती. शिमग्याला सुपारीएवडी झाली. दुखत न्हाय गं, म्हनून बोलले न्हाय."

दुखत नाही म्हणजे काही नाही, असा त्या घराचा कायदा होता. बैल लंगडला की त्याच्याकडे बघायचं, माणूस कण्हला की त्याच्याकडे. न बोलता वाढणाऱ्या गोष्टीकडे बघायला वेळ कोणाला होता?

त्या दिवशी मी शाळा बुडवली. त्या तांदूळ निवडत होत्या, मी समोर बसले आणि वर्गात सांगते तसं सांगायला सुरुवात केली. शरीर पेशींचं बनलेलं असतं. एका पेशीच्या दोन होतात, दोनांच्या चार. जखम भरून आली की त्या थांबतात. पण एखादी बिघडते, ती थांबायचं नावच घेत नाही, आणि तिच्या लेकीही तिच्यासारख्याच निघतात.

"कोनाचं ऐकत न्हायत?"

"कोणाचंच नाही."

"तुज्या नवऱ्यासारक्या."

"ते ऐकतात की."

"तुजं ऐकतो. माजं कवा ऐकलंय?"

मी नेटानं पुढे गेले. वालाएवढी व्हायच्या आधी ही गाठ कित्येक वर्षं आत असणार, दिसत नव्हती इतकंच. हाताला लागली तेव्हा तिचं दुप्पट-दुप्पट होणं पुष्कळसं उरकलेलं होतं. आता ती आजूबाजूला घुसणार, तुमचंच रक्त पिऊन वाढणार, मग काखेत जाणार आणि तिथून कुठंही.

"माज्या रक्तावर?" एवढं मात्र त्यांना झोंबलं. "फुकट खाती?"

"म्हणूनच ती काढून टाकायची."

"म्हंजे सुरी." त्यांनी सूप खाली ठेवलं. "सुरी लागली की पसरतं. दिघाशीच्या माज्या मावसबहिनीला कापली, पावसाळा न्हाय काढला तिनं."

मी म्हटलं, उलटं आहे. ती गेली तेव्हाच ते पसरलेलं असणार, सुरीनं काही पसरवलं नाही.

"तू बगितलीस तिला?"

"नाही."

"मी बगितली." आणि त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. माझ्या पदवीचे त्या घरात असेच हाल व्हायचे.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, आईंच्या छातीत गाठ आहे. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला, "म्हणजे जिना चढताना दम लागतो का?" आमच्या घराला जिना नव्हता. मी स्पष्ट शब्दांत सांगितल्यावर तो कानापर्यंत लाल झाला आणि गोठ्याकडे काहीतरी बघायला निघून गेला. मी चिडले खरी, पण मी तरी कुठली मोठी धीट? नववीच्या वर्गात 'सस्तन' हा शब्द मी फळ्याकडे तोंड करून म्हणत असे.

दिवस जात होते आणि गाठीला कोणाची लाज नव्हती. मला रात्री स्वप्नात एकाच्या दोन, दोनांच्या चार दिसायला लागल्या.

तिढा सोडवला तो माझ्या नवऱ्याच्या दूधभावानं. ही मंडळी सख्ख्या नात्यातली नव्हेत, शेजारची. माझा नवरा दहा दिवसांचा असताना शेजारची बाळंतीण गेली आणि तिचं मूल धोतरात गुंडाळून सासूबाईंच्या ओटीत आणून टाकलं. घरातल्या म्हाताऱ्यांनी तेव्हाच वाटणी करून दिली: उजवी बाजू घरच्याची, डावी पाहुण्याची. जमिनीच्या वाटण्यांवरून इतकी डोकी फुटलेल्या गावात ही एकच वाटणी बिनतक्रार झाली असेल. सात-आठ महिन्यांनी त्या पोराला त्याच्या मामानं दिघाशीला उचलून नेलं, एका दुपारी, न सांगता. "आठ दिवस माजी डावी कूस भिजत होती," सासूबाई सांगायच्या. ते सांगताना त्या हसायच्या नाहीत.

तो मुलगा मोठा होऊन भिवंडीत धामणकर नाक्याजवळ लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, टाकून बसला. मी त्यांना भावजी म्हणायची. चांगले धिप्पाड, मिशा अशा की पोरं घाबरावीत, आणि आवाज लूमवाल्यांचा. दिवसभर त्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय, त्यामुळे हळू बोलणं त्यांना जमतच नसे. दर रविवारी ते वालाचं बिरडं खायला यायचे, आल्या आल्या सासूबाईंच्या पायावर डोकं ठेवायचे आणि सबंध आळीला ऐकू जाईल असं विचारायचे, "आये, बरी हायस ना?"

त्या रविवारी सासूबाई सहज म्हणून गेल्या, "बरी हाय रं. तुजं ऱ्हायलेलं दूध तेवडं गोटलंय डावीकडं."

भावजींच्या हातातला घास हातातच राहिला.

"माजं?"

"मंग कोनाचं? अर्ध्यावर टाकून गेलास न्हवं मामाच्या मागं."

त्या थट्टा करत होत्या की खरंच तसं मानत होत्या, हे मला कधीच कळलं नाही. पण भावजींना ते शंभर टक्के पटलं. एवढा मोठा माणूस ताटावर बसून हमसून हमसून रडायला लागला. "माज्यामुलं झालं! मी पिऊन संपवलं असतं तर झालं नसतं!" शेजारच्या घरातला रेडिओ कोणीतरी बारीक केला.

माझ्या जिभेवर आलं होतं की भावजी, तीस वर्षांत दूध असं दगड होऊन बसत नाही, ते केव्हाच जिरून गेलं. शिक्षिकेची जीभ, ती गप्प राहायची नाही. पण तेवढ्यात ते उठले, डोळे पुसले आणि गरजले, "माजं हाय ना? मंग मी काडून घेनार. उद्या चल."

"सुरी लावतील रं," सासूबाई म्हणाल्या.

"लावू दे. माजा वाटा हाय, मी सांगतो काडा म्हनून. तुला काय?"

आणि ज्या बाईनं माझी सगळी पेशीविद्या सुपातल्या खड्यांबरोबर बाहेर टाकली होती, ती म्हणाली, "बरं."

मी जीभ चावून बसले. चुकीच्या शास्त्रानं माणूस बरोबर जागी पोचत असेल तर वाटेत कोणी आडवं येऊ नये.

दुसऱ्या दिवशी आम्ही भावजींच्या कापडाच्या टेम्पोतून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. सासूबाई पुढे, मी आणि नवरा मागे ताग्यांवर. तरुण डॉक्टरनं विचारलं, पेशंटबरोबर कोण? नवऱ्यानं वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलासारखा अर्धा हात वर केला. भावजी पुढे झाले आणि त्यांच्या मते हळू आवाजात म्हणाले, "डाक्टरसाब, ये इनका लडका है, लेकिन लेफ्ट साइड मेरा है!"

सबंध व्हरांडा आमच्याकडे वळून बघायला लागला. नवऱ्याला कुठं तोंड लपवावं कळेना. सासूबाई मात्र पदर सावरून ऐटीत बसल्या होत्या. इतके दिवस जो शब्द आमच्या घरात कोणाच्या तोंडून निघत नव्हता, त्याचा प्रश्नच भावजींनी मिटवून टाकला. त्यांना कसली लाज? ज्यानं पिऊन जीव धरला, त्याला त्या जागेबद्दल बोलायचा हक्कच होता.

डॉक्टरनं काखेत बोटं घातली आणि तिथं जरा जास्तच वेळ चाचपलं. मी डॉक्टरच्या तोंडाकडे बघत होते, आणि मला ते तोंड आवडलं नाही.

ऑपरेशन झालं. भावजी डॉक्टरला गाठून म्हणाले, "अंदरसे कैसा निकला? सफेद था?"

डॉक्टर बिचारा खरं बोलला. "हां, सफेद जैसाही था. एकदम कडक."

भावजींनी माझ्याकडे असं पाहिलं की बघा, वहिनी, तुमची पुस्तकं. ती गाठ कापल्यावर खरोखरच पांढरट दिसते.

काखेतल्या गाठींतही ते पोचलं होतं. त्यासाठी मग शेक घ्यायचे होते, विजेचे, म्हणजे रेडिएशनचे. भावजी लूम कामगारांवर सोडून सासूबाईंना टेम्पोतून न्यायचे-आणायचे. सासूबाई बऱ्या झाल्या. शेतावर जाऊ लागल्या, माझ्याशी भांडू लागल्या. "एका बाजूनं हलकी झाले," म्हणायच्या, "चालताना उजवीकडं कलते. तुज्या नवऱ्याकडं." चांगली काही वर्षं अशी गेली आणि मीसुद्धा मोजायचं सोडून दिलं.

मग त्यांची पाठ दुखायला लागली. या वेळी दुखत होतं, म्हणून या वेळी त्यांनी लगेच सांगितलं. फोटो काढले, मणक्यात दिसलं. डॉक्टर माझ्या नवऱ्याशी इंग्रजीत बोलले, पण सासूबाईंनी घरी आल्यावर मलाच जवळ बसवलं.

"तू सांग. ती तवाचीच हाय का?"

"तेव्हाचीच. काढायच्या आधीच एक-दोन पेशी निसटल्या असणार. हाडात जाऊन बसल्या."

"एवडी वर्सं काय करत होत्या?"

"गप्प होत्या. का, ते कोणालाच नीट माहीत नाही."

"आनि आता काडता येत न्हाय."

मला रडू आलं. ज्या बाईशी मी रोज फणीवरून, मिठावरून, चुलीवरून भांडले, ती जाणार होती आणि मला ती हवी होती. मी मान हलवली. त्यांनी माझा हात धरून ठेवला, बराच वेळ.

"त्याला हे सांगू नको," त्या म्हणाल्या. "त्याला वाटतंय त्यानं समदं काडून टाकलं. डावी बाजू त्याची होती, ती त्यानं निस्तरली. हाडं माजी हायत. हाडांत त्याचं काय न्हाय."

बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला. भावजी आत आले ते घाबरलेलेच. दारातून त्यांनी मला विचारलं, आणि मी त्यांना ओळखायला लागल्यापासून पहिल्यांदाच ते हळू बोलले.

"वहिनी, दूध परत तर न्हाय ना साचलं?"

"नाही भावजी," मी म्हटलं. "दूध सगळं निघालं होतं. हे हाडांचं आहे."

"वयाचं?"

"वयाचं."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग पायाशी बसून ते सासूबाईंचे पाय चेपायला लागले आणि नेहमीच्या आवाजात नाक्यावरच्या गमती सांगू लागले. सासूबाई हसत होत्या, आणि त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत होत्या, मी आणखी काही बोलते की काय म्हणून. मी चहा टाकायला आत गेले.