पिवळी पावलं

आमच्या लाईनवर प्रत्येक माणसाच्या जागी जमिनीवर दोन पिवळी पावलं चिकटवलेली आहेत. शिफ्ट सुरू झाली की आपापल्या पावलांवर उभं राहायचं आणि तिथून हलायचं नाही. पाय हलला तर हात लांब जातो, हात लांब गेला तर नट तिरका बसतो, आणि नट तिरका बसला की माझं डोकं फिरतं. चाकणच्या या कंपनीत मी लाईन लीडर आहे. दिवसभर माझ्या तोंडी एकच वाक्य असतं, "पाय पिवळ्यात!" पोरं पाठीमागं माझी नक्कल करतात, ते मला ठाऊक आहे. करू देत. माझ्या लाईनवरून खराब माल जात नाही, आणि त्याचा मला भारी गर्व.

माझी मुलगी हिंजवडीला आयटीत आहे आणि जोडून सुट्टी आली की समुद्रावर असते. बोर्डवर उभं राहून वल्हवत जायचं आणि लाट आली की तिच्यावर स्वार व्हायचं, असा तिचा खेळ. काळेवाडीत वाढलेल्या पोरीला हे सुचलं कुठून, देव जाणे. आमच्या जवळचं पाणी म्हणजे पवना, आणि उन्हाळ्यात तीही जलपर्णीनं झाकलेली. बोर्ड आखूड आणि चांगलाच रुंद. गच्चीवर टाकीशेजारी तो उभा असायचा. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, "एवढं मोठं इस्त्रीचं टेबल कशाला आणलं?" त्या दिवशी आम्ही तिघंही पोट धरून हसलो होतो.

यंदा कोकणात एका किनाऱ्यावर स्पर्धा होती. तिथं चांगली उतरली तर तिच्या क्लबच्या संघात तिला घेणार होते. त्यासाठी ती दोन वर्षं दर शनिवारी पहाटे उठून धरणावर सरावाला जात होती. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीतही तिच्या डोक्यात तेच असायचं, असं ती म्हणायची. पण एक अडचण होती. लाट लागली की पाय मागं नेताना ती पडायची. मोबाईलवरचे व्हिडिओ तिनं मला दाखवले. मी ते थांबवून थांबवून बघितले, आणि माझ्यातला लाईन लीडर जागा झाला.

"तुझे पाय दर वेळी वेगळ्या जागी पडतात," मी म्हणालो.

"पडायलाच पाहिजेत पप्पा. लांब बोर्डवर एका जागी उभं राहिलं तरी भागतं. हा आखूड आहे, पुढं-मागं डुलतो. म्हणून लाटेची वाट बघताना एक पाय जरा पुढं, एक जरा मागं. लाटेनं उचललं की मागचा पाय पार शेपटाकडं न्यायचा, मधोमध. वळायचं असेल तर कडेकडं भार. आणि नजर पुढं, पायाकडं नाही. किती मागं, किती कडेला, ते त्या त्या लाटेवर."

"म्हणजे काही ठरलेलंच नाही. मग पडशील नाही तर काय!"

"ते पायाला कळायला लागतं हळूहळू," ती म्हणाली. मला ते पळवाट वाटलं. लाईनवर नवा आलेला प्रत्येक जण असंच काहीतरी सांगतो.

त्याच आठवड्यात माझी सकाळची शिफ्ट होती. दुपारी घरी आलो तेव्हा ती ऑफिसला होती. लाईनची मांडणी बदलली तेव्हा उरलेला पिवळ्या टेपचा रोल मी साहेबांना विचारून घरी आणलेला होता. तो काढला. तिची घरातली चप्पल टेपवर ठेवली, पेननं कड आखली आणि कात्रीनं पावलं कापली. वाट बघतानाची दोन, लाटेवरची दोन. गच्चीत बसून बोर्ड पुसला आणि त्यावरच्या खरखरीत फोमवर ती पावलं दाबून दाबून चिकटवली. ही टेप साधी नव्हे, वरून फोर्कलिफ्ट गेली तरी उखडत नाही.

बायको कपडे वाळत घालायला वर आली. "अहो, हे काय करायलात? विचारलंत का तिला?"

"चांगल्या कामाला विचारायचं काय?" मी म्हणालो.

संध्याकाळी मुलगी आली. बोर्डजवळ उकिडवी बसून तिनं एका पावलावरून बोट फिरवलं. "माप कुणाचं घेतलं?"

"तुझंच. चप्पल ठेवून कापलीत."

तिनं दुसऱ्या पावलावरूनही बोट फिरवलं. मग म्हणाली, "छान झालंय पप्पा."

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी ते सगळ्यांना सांगितलं. एक जण म्हणाला, "राव, भाऊंनी आता समुद्रातपण लाईन टाकली!" सगळे हसले आणि मी फुगलो. पोरगी जिंकली की पेढे, असंही कबूल करून बसलो. घोडामैदान जवळच होतं.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही दोघं नवरा-बायको किनाऱ्यावर सगळ्यात पुढं. समुद्र काही फार खवळलेला नव्हता. लाटा एकामागून एक नीट येत होत्या. ती वल्हवत आत गेली आणि वळून थांबली. लांबूनही मला दिसलं की ती नेहमीसारखी उभी नाही. पाय नको इतके फाकलेले, गुडघे ताठ, आणि नजर खाली. चिखलातून वाट काढणारी बाई उभी राहते तशी ती उभी होती.

"पाय पिवळ्यात!" मी ओरडलो. माझा आवाज कारखान्यातल्या प्रेस मशीनवर चढायची सवय झालेला. अख्ख्या किनाऱ्यानं वळून बघितलं. कुणीतरी हसलं. तिनंही ऐकलं असणारच.

लाट आली. तिनं जोर लावला, बोर्ड उचलला गेला, मागचा पाय निघाला आणि पिवळ्या पावलाला टाळून पार कडेला पडला. बोर्ड कलंडला आणि ती पाण्यात. पुढच्या लाटेलाही तेच. त्यानंतर एक लाट तिनं कशीबशी धरली, पण ती सुरुवातीलाच विरून गेली. तिची फेरी संपली आणि ती स्पर्धेतून बाहेर पडली.

बोर्ड काखेत धरून ती वर आली तेव्हा तिच्या मैत्रिणी टॉवेल घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यादेखत मी तिला झापलं. "खुणा कशाला लावून दिल्या होत्या? एवढं मापून दिलं, त्यावर पाय ठेवायला काय झालं होतं?" बायकोनं माझा दंड धरला. मुलीनं टॉवेल घेतला, तोंड पुसलं आणि ती टॉवेल तोंडावरच धरून उभी राहिली.

मी एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. पण जित्याची खोड. उन्हं उतरल्यावर बोर्ड घेऊन मी स्वतःच पाण्यात शिरलो. हाफ पँट, सुटलेलं पोट, सगळा थाट. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन गुडघ्यांवर चढलो, मग उठून दोन्ही पाय बरोब्बर पिवळ्यात ठेवले आणि ठेवले न ठेवले तोच आपटलो. नाकातोंडात खारं पाणी गेलं. परत चढलो, परत तेच. या वेळी चढता चढता एक पाय चुकून पावलाच्या बाहेर, फोमवर पडला. तो पाय रुतल्यासारखा घट्ट बसला. पिवळ्यातला सटकला.

मी पाण्यात उभा राहून तळव्यानं ती टेप चोळून बघितली. कारखान्याच्या कोरड्या फरशीवर बुटांसाठी केलेली वस्तू ती. ओल्या अनवाणी पायाखाली साबणाच्या वडीसारखी झाली होती.

मुलगी केव्हा येऊन उभी राहिली, मला कळलं नाही.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"शनिवारीच कळलं. धरणावर सरावाला गेले, पिवळ्यात पाय ठेवला तशी घसरले."

"मग उपटून का नाही टाकलीस?"

ती बोर्डाकडं बघत म्हणाली, "चप्पल ठेवून कापली होतीत ना तुम्ही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षं जी पोर पाय कुठं टाकायचा ते शिकत होती, ती ऐन दिवशी माझी पावलं चुकवत बसली होती. माझं मन मोडू नये म्हणून. आणि मी किनाऱ्यावरून ओरडत होतो.

वाळूत बसून मी नखांनी टेप उखडायला लागलो. ती निघेना. मुलगी पण शेजारी बसून दुसऱ्या टोकाकडून सोलायला लागली. "हळू पप्पा, फोम निघेल," एवढंच म्हणाली. टेपबरोबर थोडा फोम निघालाच.

घरी आलो तर काकू जिन्यातच भेटल्या. "काय गं, नंबर आला का?"

"नाही ना काकू. लाटाच नव्हत्या," ती म्हणाली आणि माझ्याकडं न बघता बोर्ड घेऊन वर गेली. मी मागं वल्हं धरून उभा होतो. तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही.

सोमवारी मी चहाला जायचं टाळलं, तरी त्यांनी मला गाठलंच. "भाऊ, पेढे कुठंयत? काय झालं पोरीचं?"

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. खरं काय झालं ते कसं सांगायचं, हे मी रात्रभर घोकलं होतं.

"हरली," मी म्हणालो. "लाटाच नव्हत्या राव."

तिनं ते माझ्यासाठी म्हटलं होतं. मीही माझ्यासाठीच म्हटलं.