माय हयात आहे

एक किस्सा आठवला की त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतोच! सरकारी कचेरीबाहेरच्या कडुनिंबाखाली मी टाइपरायटर मांडून अर्ज टाइप करायचो. शेजारी शहागंजचे चाचा स्टॅम्प विकायचे. आईबापाविना नातवंडं सांभाळणाऱ्या म्हाताऱ्यांना सरकार दरमहा मदत देतं, हे ऐकून पाचोडकडच्या कोंडाबाई आल्या आणि आमच्याकडे किश्शांचा ढीग साचला. त्यांची मुलगी बाळंतपणातच वारली होती. जावई पोर टाकून निघून गेला. मेंढरं कधीच विकली होती; रोजानं जाऊन त्या नातीला, छबूला, वाढवत होत्या. मदत मिळाली असती तर छबू शाळेत बसली असती, नाहीतर आजीबरोबर खुरपायला.

*

कचेरीत हे अर्ज बघणाऱ्या साहेबांचा पहिला प्रश्न, "पोरीचा बाप मेला का?"

"नाय. वाळूजला गेला. कंपनीत लागला, दुसरी बायकू केली."

"मग बेपत्ता असल्याचा दाखला आणा."

चौकीवर गेल्या तर तिथला जमादार म्हणाला, "वाळूजला आहे म्हणता, मग बेपत्ता कसा?"

कारखाने आले, रस्ते आले, आणि बाप लोकांना गायब व्हायला जागा झाली!

*

एकदा त्या एसटीनं पोचल्या तर नामांतरावरून शहर बंद. कचेरीला कुलूप. दुसऱ्या दिवशी साहेब आमच्यासमोर चहा पीत म्हणाले, "एका नावासाठी केवढा गोंधळ! नावात काय असतं?"

तासाभरात कोंडाबाईंचा अर्ज परत आला. रेशनकार्डावर 'कोंडाबाई', अर्जावर 'कोंडूबाई'. नावात फरक!

चाचा उसळले, "अरे, नाम में कुछ नहीं था तो वापस काय कू किया?"

*

मग साहेब म्हणाले, "वय बघा तुमचं. या वयात पोर सांभाळणं झेपणार नाही."

कोंडाबाई म्हणाल्या, "बरं, मंग म्हातारपणाचं तरी काय द्या."

"ते कसं देणार? पोर सांभाळता म्हणजे धडधाकट आहात की!"

माझं डोकं असं फिरलं की पुढच्या अर्जातलं 'माननीय' मी गाळूनच टाकलं.

*

साहेबांनी तोडगाही काढला. "पोरीला बालगृहात घाला. खाणंपिणं, कपडे, सगळा खर्च सरकार करतं."

कोंडाबाईंनी पदर खोचला. "म्हंजी परक्यानं सांभाळलं तर पैसा, अन् म्या सांभाळलं तर नुसती माया?"

साहेबांनी पंखा वाढवला. दुसरं काय करणार!

*

शेवटी गृहचौकशी निघाली. ती गावात जाऊन करायची असते. साहेबांची जीप पाचोडला जायची, पण मोसंबी आणायला. चौकशी झाली टेबलापुढं. कोंडाबाईंनी आधारासाठी मलाही आत नेलं.

"बाळ, तुझी माय कुठंय?"

छबूनं आजीचा पदर धरला. "ही काय."

साहेबांनी लगेच लिहिलं, 'माय हयात आहे. अर्ज नामंजूर.'

मी ओरडलोच, "अहो, वाढवलं तिनं, म्हणून पोर तिलाच माय म्हणते! आमच्याकडं निम्मी पोरं आजीला माय म्हणतात!"

"भावना वेगळी, नियम वेगळा," साहेब म्हणाले. असल्या नियमाला काय ओवाळायचं का?

*

भांडून भांडून मी फेरचौकशी मिळवली. कोंडाबाईंना बजावलं, "पोरीला आजी म्हणायला शिकवा." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "शिकवते. शाळंसाठी शिकवते."

पाचोडपासून एसटीत घोकंपट्टी चालली होती म्हणे. "मी कोन?" "आजी." "मी कोन?" "आजी."

त्या दिवशी छबूच्या वेण्या घट्ट घातल्या होत्या. टेबलापुढं आजी-नात उभ्या राहिल्या. मी दाराशी.

"ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"आजी."

साहेब खूश. मी सुटकेचा निःश्वास टाकला. कोंडाबाई खाली बघत होत्या.

"शाब्बास. आणि तुझी माय कुठंय?"

छबूनं एकदा साहेबांकडं बघितलं, एकदा कोंडाबाईंकडं.

"माय मेली," ती म्हणाली, आणि कोंडाबाईंच्या कमरेला मिठी मारून हंबरडा फोडला, "असं मायनंच सांगाया सांगितलंय!"