डावणी आणि दावण

कुसुम अहिरेंचं डोकं त्या दिवशी सकाळी दहालाच तापलं होतं. नाशिकच्या एका शेती-औषध कंपनीत त्या अकरा वर्षं शेतकऱ्यांचे फोन घेत होत्या. सटाण्याचं माहेर, त्यामुळे तिकडच्या माणसाला त्या अहिराणीतच उत्तर द्यायच्या. अकरा महिन्यांपूर्वी कंपनीने 'साथी' नावाचा एआय आणला होता. तो फोन ऐकायचा, पडद्यावर उत्तर लिहायचा. बाईंनी 'मान्य' दाबायचं आणि ते शेतकऱ्याला वाचून दाखवायचं. अक्कल गहाण टाकायची आणि वर हसतमुख राहायचं!

मॅनेजर कुंदनने मूल्यमापनाचा कागद पुढे सरकवला. "मॅडम, तुमचा साथीचा वापर फक्त एकेचाळीस टक्के. नवी साधनं वापरायला तयार नाही, असं वरिष्ठांना लिहावं लागेल. पुढच्या महिन्यात तुमची जागा राहील की नाही, सांगता येत नाही."

"मी वापरते की! चुकलेलं उत्तर दुरुस्त करते."

"दुरुस्त केलं की ते नकारात धरतात."

कुसुमताईंची कानशिलं तडतडली. शेजारच्या हर्षालीचा वापर अठ्ठ्याण्णव टक्के. ती बिचारी सगळंच मान्य करायची. तिच्या शेतकऱ्यांचे परत येणारे फोन मात्र कुसुमताईंच्या माथी. त्याचा हिशेब कुठल्याच कागदावर नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला. "थांबा साहेब, ऐका."

"ताई, मी वाल्मीक, सटाण्याहून. द्राक्षवर डावणी उनी शे. काय मारू?"

डावणी म्हणजे पानं करपवणारा, घड खाणारा रोग. द्राक्षवाल्याच्या पोराटोरालाही ठाऊक. पण साथीने ऐकलं 'दावण', म्हणजे गुरं बांधायची जागा, आणि झरझर सल्ला लिहिला. कुसुमताईंनी 'मान्य' दाबलं आणि एकही शब्द न बदलता वाचलं, "जनावरे उंच व कोरड्या जागी बांधावीत. गोठा स्वच्छ ठेवावा."



"ताई, काय व्हयनं तुले? द्राक्षना येल गोठामा बांधू का मी?"

हर्षालीने तोंडावर रुमाल धरला. कुंदनचा चेहरा उतरला.

"थांब भाऊ, आते सांगस," म्हणत कुसुमताईंनी पाऊस कधी उघडला, पानामागे पांढरं दिसतं का, सगळं विचारून नीट औषध सांगितलं. फोन ठेवल्यावर त्या वळल्या.

"या फोनला माझा वापर शंभर टक्के. लिहा."

"मॅडम, एवढं चिडू नका. दुरुस्ती टाका ना, साथी शिकेल."

"अकरा महिने तेच करतेय!" त्यांचा आवाज चढला. "हीच 'डावणी' मी बारा वेळा दुरुस्त केली. त्या बाराही वेळा तुम्ही माझ्या नावावर नकार म्हणून मांडल्यात."

कुंदनने कागद मागे ओढायला हात पुढे केला. कुसुमताईंनी तो टेबलावर दाबून धरला. "आधी त्या बारा दुरुस्त्या यावर लिहा, मग न्या."