बलक नाय, जू!

काल कामोठ्याला ताईकडे भिंतीवरचं जुनं अमेरिकन छापचित्र पुसताना कुबट कागदाचा वास आला आणि मी पुन्हा शाळकरी झाले.

ताईच्या होणाऱ्या ख्रिस्ती सासूबाई लेकाला घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी ते भेट आणलं होतं. एका लाकडाखाली माना घातलेलं जोडपं, खाली इंग्रजीत लग्नाचा उपदेश. हे लग्न नको म्हणून तळवलीचे आजोबा पाठ फिरवून बसलेले. अर्थ सांगायला इंग्रजी शाळेतली मी. ‘योक’ शब्दावर अडखळत म्हणाले, “नवरा-बायकोने एकच बलक वाहावा.”

“अंड्याचा?” आजोबा वळले आणि चित्र बघून खो खो हसले. “बलक नाय गो, बैलांचा जू हाय! काय जावयबापू, नांगर धरलाय कदी?”

तेव्हा मी लाजेने रडले होते. आता वाटतं, अर्थ बरोबर सांगितला असता तर आजोबा वळलेच नसते.