भाव न पडणारी गाडी

बाबांनी निवृत्तीनंतर स्पोर्ट्स कार घेतली. सेकंडहँड, आणि तिच्यात माणसं बसायची फक्त दोन. नारायण पेठेतल्या आमच्या गल्लीत रिक्षासुद्धा अंग चोरून वळते, तिथे ही जमिनीला पोट लावून चालणारी, कापडी छपराची, गडद हिरवी परदेशी गाडी. बाबा पिंपरीकडच्या एका वाहनांच्या कारखान्यात आरेखन विभागात होते. जन्मभर टेम्पोचे सांगाडे काढले, त्याचा हा सूड, असं आई म्हणायची. तिने ‘हौस’ म्हटलेलं बाबांना चालायचं नाही.

“ही गुंतवणूक आहे,” ते म्हणायचे. “नवी गाडी शोरूममधून बाहेर पडली की तिचा भाव पडतो. हिचा पडायचा तेवढा पहिल्या मालकाकडेच पडून झालाय. आता ती फक्त चढणार.”

आणि खरंच, ती चढत होती. कंपनीने ते मॉडेल बनवणं बंद केलं होतं. शहरात तसल्या गाड्या मोजक्याच, त्यातल्या निम्म्यांचे पत्रे बदललेले. बाबांच्या गाडीचा रंग मूळचा, छप्पर मूळचं, गिअर हाताचे, दोन्ही किल्ल्या शाबूत. ‘मूळ’ हा त्यांचा लाडका शब्द. दर आठवड्याला ते मोबाइलवर त्या मॉडेलचे भाव बघायचे आणि मला फोन करून सांगायचे. मी हडपसरला एका आयटी कंपनीच्या हिशेब खात्यात नोकरी करते. मला दिवसभर आकडेच बघायचे असतात, पण हे त्यांना कोण सांगणार!

दसऱ्याला आईला गाडीची पूजा करायची असायची. कुंकवाने रंगाला डाग पडतो आणि डाग पडला की भाव पडतो, म्हणून बाबा आधी बॉनेटवर वर्तमानपत्र अंथरायचे. आई त्याच्यावर स्वस्तिक काढायची, हळदकुंकू वाहायची, झेंडूचा हार ठेवायची आणि म्हणायची, “झाली हो, पेपरची पूजा झाली. आता पेपर सुखरूप चालू दे.”

आई गेली आणि डावीकडची सीट रिकामी झाली. बाबा पंचाहत्तरी ओलांडून गेले होते. गाडीतून उतरताना ते आधी एक पाय बाहेर काढायचे, मग थोडा वेळ विचार करायचे. माझा जीव खालीवर व्हायचा. गाडी विका म्हणून मी धोशा लावला. प्रत्येक वेळी तेच उत्तर. “पुढच्या वर्षी अजून येतील. आत्ता विकणं हा मूर्खपणा आहे.”

“गाडीचं ठीक आहे बाबा, पण तुमच्या वयाचं काय?”

“त्याला रिसेल नाही,” ते म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

पार्किंगमध्ये येणारेजाणारे विचारायचे, म्हणून त्यांनी गाडीच्या कव्हरवर एक पाटीही लावून टाकली: ‘गाडी विकायची नाही. लांबून बघावी. फोटो काढताना टेकू नये. किंमत विचारून आपला वेळ घालवू नये, आमचा तर नाहीच नाही.’ मी हात टेकले.

मग गेल्या दिवाळीनंतर एक नवल घडलं. बाबांचा फोन आला, “रविवारी येतेस का? मार्केट यार्डात फळं आणायला जाऊ.” मला वाटलं, चुकून माझा नंबर लागला. कारण मला गाडीत घेणं हे बाबांना कधीच मानवलेलं नव्हतं. माझ्या तोंडाला खीळ नाही. जे दिसेल ते मी बोलते. हा टेम्पो बघा कसा घुसतोय, ही बाई बघा मोबाइलवर बोलत रस्ता ओलांडतेय, अरे देवा, इथेही खणलं का. लहानपणापासून बाबा मला ‘आकाशवाणी’ म्हणतात. आई असताना कधी मी त्या सीटवर बसलेच, तर पेठेतून बाहेर पडायच्या आत ते म्हणायचे, “गप्प बस गं, इंजिन ऐकू दे.”

आणि आता तेच बाबा म्हणायला लागले, “बोल की. गप्प का?”

मी बोलले. रविवारमागून रविवार बोलले. सकाळी हडपसरहून बस पकडायची, पेठेत उतरायचं, बाबांच्या शेजारी जमिनीलगत बसायचं आणि मार्केट यार्डापर्यंत तोंडाचा पट्टा सोडायचा. रस्त्यावरचं तर बोलायचेच, पण त्याच्या मधेमधे ऑफिसातलं, सोसायटीतलं, मनातलं, सगळं. बाबा फक्त “हं” म्हणायचे. त्या गाडीच्या डिकीत आंब्याची एक पेटी कशीबशी मावते. तेवढ्यासाठी आम्ही इतक्या लांब जायचो आणि यार्डाच्या बाहेर लोक आमच्याकडे बघून हसायचे. मला काही वाटायचं नाही. खरं सांगते, मी सुखात होते. पन्नाशी उलटल्यावर मला वडील मिळाले होते. गाडी विका हा विषय मी बंदच केला. ती विकली गेली तर माझा रविवार जाणार होता.

मग एक रविवार असा आला. आदल्या दिवशी आमच्या सोसायटीची मीटिंग होती, टँकरच्या पाण्यावरून. मी तिथे इतकी भांडले की सकाळी उठले तर घसा पार बसलेला. शब्द म्हणून फुटत नव्हता. तरी गेले. बाबांना खुणेनेच सांगितलं, घसा गेला. ते किल्ली हातात घेऊन जरा वेळ उभेच राहिले. मग म्हणाले, “बरं. जाऊन येऊ पटकन.”

स्वारगेटपर्यंत त्यांनी मला विचारून हैराण केलं. “डावीकडे कोणी आहे का गं?” मी मान हलवायची. “अगं, बोल ना.” मी घशाला हात लावून दाखवायची. ते चिडत होते, मीही चिडत होते. घसा बसलेल्या माणसाला बोल बोल काय करायचं! यार्डाकडे डावीकडे वळायचं होतं. डाव्या अंगाने कांद्याच्या गोण्या लादलेली हातगाडी येत होती, एक हमाल ती ढकलत होता. ती मला इतकी स्वच्छ दिसत होती की बाबांना दिसत नसेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. बाबा वळले. मी ओरडायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली.

काच फुटल्याचा आवाज झाला. हमाल मागे उडी मारता मारता पडला. एक गोणी फाटली आणि कांदे रस्ताभर झाले.

“आंधळा हायस का रं म्हाताऱ्या!” तो उठत ओरडला. त्याचं कोपर सोलवटून निघालं होतं. बाकी काही नव्हतं, देवाची कृपा. पण थोडक्यात वाचला होता तो. चाकाखालीच जायचा.

बाबा खाली उतरले, गाडीला वळसा घालून डावीकडे आले. आरसा लोंबकळत होता. त्यांनी तो हातात धरला आणि म्हणाले, “अरेरे. मूळ आरसा होता. हा आता मिळत नाही.”

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! माणूस रस्त्यावर पडलाय आणि यांना आरसा! जन्मात पहिल्यांदा मी वडिलांवर मनसोक्त ओरडणार होते आणि घशातून फुस्स. मी त्या मूळ रंगाच्या बॉनेटवर दोन्ही हातांनी धडाधड थापा मारल्या. मी तोंड हलवत होते, हात नाचवत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ऐकू काहीच येत नव्हतं. तो हमालसुद्धा शिव्या द्यायचा थांबून माझ्याकडे बघायला लागला.

समोरच दवाखाना होता. त्याला तिथे नेलं, पट्टी केली, परत येऊन कांदे गोळा केले. बाबा वाकून वाकून कांदे उचलत होते. डावीकडचे त्यांच्या हातून राहत होते. पायाला लागून घरंगळले तरी त्यांना पत्ता नाही. ते मी बघितलं.

गाडीत बसल्यावर त्यांनी इंजिन चालू केलं नाही.

“डाव्या डोळ्याचा काचबिंदू आहे,” ते म्हणाले. “दिवाळीच्या आधीपासून त्या बाजूचं काही दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही.”

दिवाळी. माझे रविवार सुरू झाले ती दिवाळी. मी पर्समधला मोबाइल काढून त्याच्यावर टाइप केलं आणि त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर धरलं: म्हणून मला बोलायला लावायचात?

त्यांनी वाचलं. “हो,” म्हणाले. “तू दिसेल ते सगळं सांगतेस.”

बाबा कधी गुळमुळीत बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले असते तर बरं झालं असतं. मला इतका अपमान वाटला की काय सांगू. मी इतके महिने समजत होते की बाबांना आपलं बोलणं ऐकावंसं वाटतंय, आणि मी होते आरसा! तोही मूळचा नाही. मी त्यांच्याकडून किल्ली घेतली, त्यांना डावीकडे बसवलं आणि गाडी मी चालवत आणली. मला हाताच्या गिअरची सवय सुटलेली, गाडी वाटेत सारखी बंद पडत होती. क्लचवरून ते एक अक्षर बोलले नाहीत.

पुढचे रविवार मी गेले नाही. फोन करायचे, औषधाचे थेंब घातले का एवढं विचारायचे आणि ठेवायचे. घसा बरा झाला होता, पण बोलायचं काय? मग एकदा त्यांनीच सांगितलं, “गाडीची जाहिरात टाक. मला तो मोबाइलवरचा फॉर्म नीट दिसत नाही.”

गिऱ्हाइकं आली तशी बाबांनी पिटाळली. एकाने विचारलं, हिला मोठा सायलेन्सर बसेल का. बाबा म्हणाले, “तुम्हाला बसवा.” शेवटी हडपसरच्या पुढच्या मांजरी गावाकडचा एक माणूस आला. चाळिशीचा, शेतकऱ्याच्या घरचा. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्यापासून खोदाईची मशिनं भाड्याने द्यायचा धंदा करतो. तो गाडीभोवती चपला काढून फिरला. बाबांना ते आवडलं.

“काका, एक नंबर ठेवली हाय गाडी. सगळं ओरिजनल ना?”

“डावा आरसा नाही,” बाबा म्हणाले. “मी एका माणसाच्या हातगाडीला धडक दिली, तेव्हा फुटला. मला त्या डोळ्याने दिसत नाही आणि तरी मी चालवत होतो. तेवढा भाव कमी करा.”

“असं कुनी सांगतं का काका!” तो म्हणाला. पण भाव कमी झाला, बाबांनीच करायला लावला.

गाडी न्यायला तो आला त्या दिवशी मला जावं लागलं, कागदांवर सह्या कुठे करायच्या ते दाखवायला. मी बाबांशी कामापुरतंच बोलत होते. मनात पक्कं झालं होतं की आज गाडी गेली की आपलंही काम संपलं. आता यांना आरसा लागणार नाही. त्या माणसाने किल्ली घेतली आणि बाबांना म्हणाला, “चला काका, शेवटची चक्कर मारू. चालवता का?”

बाबांनी किल्लीकडे बघितलं. किल्लीवरून नजर निघेना त्यांची. मग मान हलवली आणि डावीकडे जाऊन बसले.

दोघं बरेच फिरले. मी पार्किंगमध्ये डासांशी मारामारी करत उभी. परत आल्यावर बाबा दुसरी किल्ली आणायला वर गेले. तो माणूस गाडी पुसत पुसत माझ्याकडे बघून हसला.

“ताई, काका लय बोलतात वो. मला गाडीचं काय विचारू दिलं न्हाई. सगळं तुमचंच.”

“माझं? काय बोलले?”

“तुमचा गुडघा दुखतो म्हनले, जिन्यावरून यावं लागतं तिला, लिफ्ट न्हाई आमच्याकडं. आन् तुमाला नोकरी सोडायचीय, पन तुमी घरी सांगत न्हाई. त्याची काळजी हाय त्यांना.”

नोकरीचं मी एकदाच बोलले होते. सिग्नलला थांबलो होतो, शेजारी पीएमपीची बस गुरगुरत होती, आणि लगेच पुढच्या वाक्यात मी कुठल्यातरी रिक्षावाल्याला नावं ठेवायला लागले होते. नवऱ्यालाही माहीत नाही ते.

“आन् ताई,” तो फडकं झटकत म्हणाला, “त्या तुमच्या ऑफिसातल्या बाई, दुसऱ्याचे डबे उघडून खानाऱ्या. काकांनी गोष्ट अर्ध्यात सोडली. म्हनले, पुढचं तिनं अजून सांगितलं न्हाई, रविवारी येतच न्हाई ती. घावल्या का न्हाई मग त्या?”

“सापडल्या,” मी म्हटलं, “माझ्याच डब्यावर सापडल्या,” आणि तिथेच, त्या परक्या माणसासमोर मला रडू फुटलं.