खालचं वाचा

कुठलाही कागद हातात आला की आमच्या सिस्टर चष्मा कपाळावर ढकलायच्या, कागद नाकाजवळ धरायच्या आणि बोट थेट शेवटच्या ओळीवर टेकवायच्या. "वरचं समद्यांलाच दिसतंय. खालचं वाचा."

सरकारी आरोग्य केंद्राच्या भिंतीवरची पोस्टरं तुम्ही पाहिली असतील. ती कुठून येतात ते मला विचारा. खात्याच्या संकेतस्थळावर वर्षभराची यादी असते. कुठला महिना कशाच्या जागृतीचा, कुठला दिन कधी, त्याचं पोस्टर, घोषवाक्य आणि त्याखाली सविस्तर माहिती. मी अशाच एका केंद्रात कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर. पोस्टर छापायचं, कार्यक्रमाचा फोटो काढायचा आणि संकेतस्थळावर चढवायचा, हे माझं काम. "फोटो नाही तर कार्यक्रम नाही," असं आमचे डॉक्टरसाहेब म्हणायचे. फोटोखाली ठिकाण आणि वेळ उमटलीच पाहिजे, हा हुकूमही त्यांचाच.

साहेबांना पोस्टर पुरायचं. तंबाखूविरोधी दिनाला पारावरच्या तीन म्हाताऱ्यांना बॅनरखाली उभं केलं होतं. एकाचा गाल फुगलेला. साहेब म्हणाले, "मामा, फोटो होईपर्यंत तोंड उघडू नका." हात धुण्याच्या दिनाला नळ कोरडा होता, तरी सगळ्यांनी त्याखाली हात धरले आणि फोटो झाला.

सिस्टर मात्र फोटोनंतर कुणाला उठू द्यायच्या नाहीत. पोस्टरखालची माहिती आपल्या बोलीत फोड करून सांगायच्या. त्या सास्तूरच्या. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये शिकल्या. तिथं लोकांनी न वाचता कागदांवर अंगठे उठवलेले त्यांनी पाहिले होते. "तवापासनं खोड लागली बघ," म्हणायच्या. मला त्यांची चेष्टा करायला फार आवडायचं आणि त्यांनाही ते चालायचं.

मग तो सुरक्षित मातृत्व दिन आला. जिल्ह्याहून पाहुणे येणार होते. साहेबांनी केंद्राची रुग्णवाहिका सकाळीच तालुक्याला पाठवली, मांडववाल्याकडून खुर्च्या आणायला. पूर्वतयारीचा फोटो हवा म्हणून ड्रायव्हरसोबत मी गेलो. खुर्च्या आत रचल्या, मी फोटो काढला आणि तिथूनच चढवून दिला.

त्याच वेळी सिस्टर एका वस्तीवर होत्या. पहिलटकरीण अडली होती. त्यांनी फोन केला, "साहेब, गाडी पाठवा. बाळ आडवं हाय."

"गाडी पेशंट घेऊन गेलीय. तुमचं तुम्ही बघा," साहेब म्हणाले.

शेवटी एका टेम्पोतून तिला दवाखान्यात नेलं. पोर वाचली, बाळ गेलं. इकडं कार्यक्रम झाला, हारतुरे झाले. मी त्याचेही फोटो काढले.

चार दिवसांनी अहवाल तयार झाला. सिस्टर कामावर हजर नव्हत्या, त्यांनी उशिरा कळवलं, असं त्यात होतं. तो मीच टाइप केला. खोटं आहे हे मला ठाऊक होतं, पण माझा करार दर सालाला साहेबांच्या सहीनं वाढायचा. सिस्टरांना नोटीस आली. इतक्या वर्षांची नोकरी आणि नाव, दोन्ही पणाला लागलं.

त्या रडल्या नाहीत. नोटीस नाकाजवळ धरून त्यांनी शेवटपर्यंत वाचली आणि घडी घातली. "ह्या माणसाला म्या वाचायला लावणार हाय," एवढंच म्हणाल्या. पुढचे पंधरा दिवस त्या रोज साहेबांना हसून नमस्कार करत होत्या. मला त्या हसण्याची भीती वाटायची.

चौकशीला जिल्ह्याच्या मॅडम आल्या. साहेबांनी पेशंटची तीच कथा सांगितली. सिस्टर मला म्हणाल्या, "त्या दिनाचं पान पडद्यावर लाव." मी लावलं. वर हसरी आई, कडेवर बाळ. सिस्टर साहेबांकडं वळल्या. "साहेब, खालचं वाचा."

साहेबांनी वाचलं. प्रसूतीसाठी गाडी तयार ठेवायची, असं तिथं सरळ लिहिलं होतं.

"आता फोटो लाव, पूर्वतयारीचा."

स्ट्रेचरवर रचलेल्या लाल खुर्च्या पडद्यावर आल्या. सिस्टरांनी आपला मोबाइल मॅडमपुढं ठेवला. गाडी मागितल्याचा फोन दहा वाजता केलेला दिसत होता.

"खालचं वाचा, साहेब."

"मांडववाल्याचं... दहा वाजून सात..." साहेब पुटपुटले.

"मोठ्यानं वाचा. मागं बसल्यात त्यांला ऐकू जाऊ द्या."

मागच्या बाकावर ती पोर बसली होती, सासूला घेऊन. सिस्टरांनीच त्यांना आणलं होतं. साहेबांना पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं, त्या पोरीच्या तोंडाकडं बघत. अशी जिरलेली मी कुणाची पाहिली नाही. खोटं कशाला बोलू, मला अतोनात आनंद झाला.

साहेबांची उचलबांगडी झाली. सिस्टरांची नोटीस मागं घेतली, पण उन्हाळा सरायच्या आत त्यांचीही बदली काढली, पार सोनारीच्या बाजूला. निघताना त्यांनी सगळ्यांचा निरोप घेतला, माझा सोडून. मी एसटीपर्यंत मागं गेलो.

"सिस्टर, माझ्यावर राग हाय का? म्या तर पडद्यावर समदं दाखवलं की."

त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि मला जवळून बघितलं. "खालचं वाच," म्हणाल्या आणि गाडीत चढल्या. त्यानंतर त्यांनी माझा फोन कधी उचलला नाही.

आता दरवर्षी सुरक्षित मातृत्व दिनाला मी तो फोटो साहेबांच्या मोबाइलवर पाठवतो. सोबत दोनच शब्द. त्यांनी पाहिल्याच्या निळ्या खुणा येईपर्यंत मी जागचा हलत नाही. याला सूड म्हणतात, मला माहीत आहे.

पाठवायच्या आधी मात्र मलाही ते वाचावं लागतं. आधी ठिकाण, मग वेळ. आणि सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात, फोटो काढणाऱ्याचं नाव असतं. ते माझं आहे.